कोरी वही

चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठच्या एका गावात दोन भाऊ राहत. शेती सामाईक, चूलही एकच. थोरला बांधीत राबायचा, धाकटा चामोर्शीला किराणा दुकान चालवायचा. आधी थोरल्याला शुगर निघाली, वर्षभरात धाकट्यालाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गावानं पथ्य सांगितलं, "भात बंद. ज्वारीची भाकर खा." ज्यांच्या घरी धानाचे कट्टे रचलेले, त्यांनी भात सोडणं सोपं नव्हतं. तरी दोघांनी सोडला.

तीन महिन्यांनी थोरल्याची शुगर उतरली. धाकट्याची होती तिथंच. घरात कुजबुज सुरू झाली, "लपून खाते तो." धाकटा संतापला. "दादा, भाताचं शीतही नाही पाहिलं मी! विचारा वहिनीले."

थोरल्याची मुलगी गडचिरोलीला नर्सिंग शिकत होती. दिवाळीला घरी आली ती शुगरची मशीन घेऊनच. दोघांच्या हाती एकेक कोरी वही देऊन ती म्हणाली, "जेवणाआधी बोट टोचायचं, पहिल्या घासानंतर दोन तासांनी पुन्हा. वेळ तीच, वरण-भाजी तीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गोळीला मात्र हात लावायचा नाही."

एका दिवसाचा आकडा फसवतो, म्हणून तेच जेवण तिनं पुन्हा पुन्हा मोजायला लावलं. वह्या भरत गेल्या. थोरल्याच्या वहीत दुपारच्या भातानंतर 229, भाकरीनंतर 164. धाकट्याच्या वहीत भाकरीनंतर 206 आणि त्याच हंडीतल्या तेवढ्याच भातानंतर 161! तोच भात दुकान बंद करून रात्री दहाला खाल्ला, की आकडा पुन्हा दोनशेपार.

"मशीन बिघडली गा," थोरला म्हणाला.

"नाही बाबा. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेनं 2015 साली हेच दाखवलं. आठशे माणसांच्या अंगावर आठवडाभर साखर मोजणारं यंत्र लावलं, सत्तेचाळीस हजारांच्या आसपास जेवणं तपासली. एकाची साखर केळ्यानं उसळली, बिस्किटानं नाही. दुसऱ्याचं नेमकं उलट. मग रक्ताच्या तपासण्या, आतड्यांतले जंतू, झोप, व्यायाम असं सगळं संगणकाला पुरवलं, तर कोणत्या माणसाची साखर कशानं किती चढेल याचा अंदाज तो बऱ्यापैकी बांधू लागला. आपल्याकडं संगणक नाही, पण वही आहे."

दोन्ही वह्या डॉक्टरांनी बारकाईनं पाहिल्या. थोरल्याला भाकर चालू ठेवायला सांगितली. धाकट्याला दुपारी वाटीभर भात मिळाला. रात्रीचं जेवण मात्र दिवेलागणीला उरकायचं ठरलं. पुढच्या तपासणीत दोघांचेही आकडे खाली आले.

गोष्ट गावभर झाली. एक शेजारी मोबाइल घेऊन थोरल्याकडं आला. "तुमच्या वहीचा फोटो काढू द्या जी. मीही तसंच खातो."

थोरल्यानं वही मिटली. "दादाजी खोब्रागडे माहीत आहेत ना? शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. 1983 साली त्यांच्या बांधीत पटेल-3 धान होता. सगळ्या पिकात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. बी एकच होतं, तरी त्यांनी त्या पेंढीत बांधल्या नाहीत. वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निरखल्या. त्यातून एचएमटी तांदूळ आला. आता मले सांग, माझा सख्खा भाऊ माझ्यासारखा निघाला नाही, त तू कसा निघशील?"

शेजारी ओशाळला. "मग मी का खाऊ?"

"ते मले काऊन विचारतो?" थोरल्यानं धाकट्याला हाक मारली आणि दुकानातली एक कोरी वही मागवली. "हे घे. मशीन आमची वापर, पण सुई नवी घे. पंधरा दिवस खरं खरं लिही, मग डॉक्टरकडं जा."

धाकटा हिशेबाचा पक्का. वहीचे वीस रुपये त्यानं शेजाऱ्याकडून तिथंच वसूल केले. म्हणाला, "फुकटचं पथ्य आम्ही तीन महिने पाळून पाहिलं आहे."

तात्पर्य : दुसऱ्याचं पथ्य उसनं घेऊ नये, त्याची मोजण्याची सवय मात्र जरूर घ्यावी.