बिदागी की इसार?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणसाला त्याचे गाव विचारण्याआधी 'घाटावरचे की घाटाखालचे?' असे विचारण्याची पद्धत आहे. मी दोन्हीकडचा. जन्म घाटाखालचा, जळगाव जामोद तालुक्यातला. नोकरी घाटावरची, चिखलीकडच्या एका शाळेतली. तीस वर्षे राजूरचा घाट चढलो आणि उतरलो. चढताना मनात शाळा असायची आणि उतरताना घर. या वर्षी मात्र घाटाच्या मध्यावरच कुणी तरी अडवावे तसे झाले. अडवणारे दुसरे कुणी नव्हते, माझीच बढती होती.

हकीकत साधी आहे. आमचे मुख्याध्यापक जूनअखेर निवृत्त व्हायचे होते. सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्यांच्यानंतर माझे नाव. माझ्या अठ्ठावन्नला अजून तीन वर्षे होती. म्हणजे खुर्ची माझ्याकडे चालत येत होती. अडचण एवढीच, की दिवाळीनंतर नोकरी सोडून घरी जायचे, हे मी त्याआधीच मनाशी ठरवून टाकले होते.

का ठरवले होते, ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि आमचा जिल्हा मिळून जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्यात आमचे गाव येते. विहिरीचे पाणी खारट. त्या पट्ट्यात मूत्रपिंडाचे विकार घरोघर ऐकू येतात. माझे थोरले बंधू त्यांतलेच एक. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला न्यावे लागते. दादांनी सातवीतून शाळा सोडली आणि वखर हाती धरला, म्हणून मी बी. एड. झालो. त्यांचा मुलगा पुण्याला. घरी वहिनी एकटी, आणि वावर. वीस वर्षांची सेवा झाली, की तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मी ती घेणार होतो. कुणाला सांगितले नव्हते. फक्त सौभाग्यवतीला ठाऊक होते.

बढतीची कुणकुण लागताच प्रथम बोलली ती हीच. "अहो, चार महिने का होईना, घ्या की! शाळेच्या फळ्यावर नाव लागेल." आमच्या शाळेच्या कार्यालयात आजवरच्या मुख्याध्यापकांच्या नावांचा एक लाकडी फळा आहे. त्या फळ्याकडे पाहत मी तीस वर्षे हजेरीपटावर सही केली. त्यावर आपले नाव पाहण्याची इच्छा मला नव्हती असे म्हटले, तर ते खोटे होईल. आणि तेवढेच नव्हते. निवृत्तिवेतन अखेरच्या पगाराच्या निम्मे. बढतीबरोबर एक वेतनवाढ. म्हणजे चार महिन्यांच्या खुर्चीचा लाभ जन्मभर, आणि माझ्यामागे हिलाही. दादांच्या औषधांचा खर्च समोर दिसत असताना या हिशेबाला हलका म्हणण्याची माझी तयारी नाही. नीतीच्या गोष्टी बोलणाऱ्याने खिशाची गोष्ट लपवू नये.

अक्षय्य तृतीयेला आम्ही गावी गेलो होतो. तिथून भेंडवळ जवळ. तिथली घटमांडणी वाचकांनी ऐकली असेलच. तिन्हीसांजेला शेतात खड्डा करून त्यात पाण्याची घागर ठेवतात, वर पुरी, पापड, भजे, कुरडई मांडतात, भोवती अठरा धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हलले, काय जागेवर राहिले, ते पाहून पीकपाण्याचे आणि देशाचे भाकीत करतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात. त्यात विडा-सुपारी म्हणजे राजा. विडा हलला नाही, की 'राजाची गादी कायम'. ते भाकीत खरे होते की नाही, हा माझा विषय नव्हे. पण त्या पहाटे गर्दीत उभा असताना मला गंमत वाटली. गादी राजाला सोडील काय, हे सारे विचारतात. राजाच्या मनात गादी सोडायचे आहे काय, हे त्या घटाला कुणीच विचारत नाही!

परतताना मी दादांजवळ आणि पुतण्याजवळ मन मोकळे केले. पुतण्या पुण्याच्या एका कंपनीत आहे. तो हसून म्हणाला, "काका, यात विचार कसला करता? मी गेल्या वर्षी बढती घेतली आणि दोन महिन्यांनी दुसरीकडे गेलो. कंपनी मला काढताना आधी सहा महिने सांगते का?" त्याचे बोलणे मी झटकून टाकले नाही. ज्या व्यवहारात दोन्ही पक्ष एकमेकांना सोडण्याच्या तयारीने हात मिळवतात, मुदतीची सूचना लिहून घेतात आणि जाणाऱ्याची किंमत आधीच हिशेबात धरतात, तिथे एकट्या नोकराने भीष्मप्रतिज्ञा करावी असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिवाय धन्याच्या हाती जितके बळ असते, तितके चाकराच्या हाती नसते. दुबळ्याच्या गुपिताला मी सरसकट लबाडी म्हणणार नाही.

दादा मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बापू, वावराचा इसार घेतला अन् मनात खरेदी देयाचीच नाई, त त्याले आपल्याकडं काय म्हन्तात?"

मी म्हणालो, "पण दादा, ही बढती म्हणजे इसार कसा? ही तर तीस वर्षांच्या कामाची बिदागी."

"तेच त इचारतो," ते म्हणाले. "बिदागी हाये का इसार?"

घाट चढून आलो तरी तो प्रश्न उतरला नाही. कीर्तनकाराला बिदागी मिळते ती कीर्तन झाल्यावर. त्यानंतर तो कुठे जाईल, कधी जाईल, हे कुणी विचारत नाही. इसाराचे तसे नसते. तो पुढच्या वचनावर दिलेला पैसा. बढतीचे सोंग असे, की ती बिदागीचे कपडे घालून येते आणि काम मात्र इसाराचे करते. यादी लागते ती झालेल्या सेवेवरून, म्हणून आपल्याला वाटते हे आपल्या कष्टाचे फळ. पण मुख्याध्यापकाची खुर्ची मागल्या तीस वर्षांतला एकही तास शिकवीत नाही. तिला काम असते ते उद्याचे. शाळा जेव्हा ती खुर्ची देते, तेव्हा ती माझ्या भूतकाळाचा सत्कार करीत असेल, पण मागत असते माझा भविष्यकाळ. आणि तो मी दुसऱ्याला देऊन बसलो होतो.

यावर माझ्याच मनाने एक बिनतोड वाटणारा युक्तिवाद काढला. भविष्यकाळ कुणाच्या मालकीचा असतो? आपटे वारल्यावर 1892 मध्ये गोपाळ गणेश आगरकर फर्गसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दम्याने ते कित्येक वर्षे पोखरलेले होते. 1895 च्या जूनमध्ये, अडतिसाव्या वर्षी, ते गेले. आपली प्रकृती त्यांना ठाऊक नव्हती काय? मग त्यांनी ती जागा घ्यायला नको होती, असे कोण म्हणेल? सगळेच जाणारे. मग माझ्याच जाण्याचा एवढा बाऊ कशाला?

पण थोडे थांबून पाहिले, तर आगरकरांच्या उदाहरणात माझी बाजू नव्हती. त्यांचा दमा साऱ्या पुण्याला ऐकू येत होता. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. आणि त्यांना मृत्यूने उठवले, त्यांनी उठण्याचा दिवस आधी नेमून ठेवला नव्हता. नशिबाने मोडलेला करार आणि आपण मोडायचा ठरवूनच केलेला करार, यांत फरक आहे. त्याच संस्थेतले दुसरे गोपाळराव, गोखले, यांचे पाहा. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे सेवा द्यायची, असे बंधन होते. गोखल्यांसारख्या माणसाला त्या काळात बाहेरून किती हाका आल्या असतील! पण ते फर्गसनमधून निवृत्त झाले ते 1902 मध्ये, ती सेवा पुरी करून, आणि मग सर्वस्वी देशकार्यात पडले. माझ्याकडून वीस वर्षांचे वचन कुणी मागितले नव्हते. मागितले असते, तर ते मी केव्हाच फेडले होते. पण नवे पद म्हणजे नवे वचन, जुन्याची पुरवणी नव्हे.

मग जाणाऱ्याने काहीच घेऊ नये काय? तसेही नाही. रामायणातला भरत आठवा. राजा दशरथाच्या मागे तो कारभार पाहू लागला, तेव्हा ही गादी आपल्याला सोडायची आहे, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पण त्याने सिंहासनावर रामाच्या पादुका ठेवल्या आणि स्वतः नंदिग्रामात राहिला. आपण जाणार आहोत, ही गोष्ट त्याने प्रत्यक्ष सिंहासनावरच मांडून ठेवली. अयोध्येतल्या कुणालाही ती विचारावी लागली नाही. तेव्हा दोष जाण्यात नाही, थोड्या दिवसांसाठी घेण्यातही नाही. देणाऱ्याला ठाऊक असून तो देत असेल, तर खुशाल घ्यावे. दोष आहे तो पादुका झाकून ठेवण्यात.

एवढे कळले आणि मी स्वतःला एकच प्रश्न विचारला. ही गोष्ट उद्या सकाळी सांगायला मला भीती वाटते काय? वाटत होती. आणि ती का वाटते, हेही मला ठाऊक होते.

पहिल्याने मी सांगितले ते संस्थेच्या अध्यक्षांना नव्हे, तर यादीत माझ्यामागे असलेल्या आमच्या बाईंना. त्यांची चार वर्षे उरली आहेत. मनात, खरे सांगतो, एक लहानशी आरास मांडून गेलो होतो. मी त्याग करणार, त्यांचे डोळे भरून येणार. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, एक विनंती आहे. माझ्यासाठी सोडली, असे कुठे म्हणू नका. मला चार वर्षे त्या खुर्चीत बसायचे आहे. ती कुणी तरी दिलेली आहे, असे लोकांनी म्हटले, तर मी रोज तुमच्या उपकारावर बसेन."

माझी आरास जागच्या जागी विझली. घेण्यात लोभ असतो, हे मी आठवडाभर घोकत होतो. नकारातही तो दडून बसतो, हे बाईंनी एका वाक्यात दाखवले. आपण दिले, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची हाव पगारवाढीच्या हावेहून फार वेगळ्या जातीची नसते.

मग त्यांनी व्यवहार सांगितला, आणि तो मला सुचायला हवा होता. मुख्याध्यापक बदलला, की शिक्षणाधिकाऱ्यांकडून नव्या सहीला मान्यता आणावी लागते. ती येईपर्यंत पगारपत्रके, बँकेचे खाते, पोषण आहाराचा हिशेब, सारे खोळंबते. मी चार महिने बसलो असतो, तर एका वर्षात हे दोनदा झाले असते. दुसऱ्यांदा नेमके दहावीचे अर्ज भरायच्या सुमारास. माझ्या वेतनवाढीची किंमत कारकुनापासून दहावीच्या पोरांपर्यंत सगळ्यांनी थोडी थोडी भरली असती, आणि ती मागितली कुणी, हे कुणालाच कळले नसते.

खाजगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्तींच्या नियमावलीत यासाठी सोय आहे. ज्येष्ठ शिक्षकाला मुख्याध्यापकपदावरचा हक्क सोडता येतो. मात्र तसे त्याने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावे लागते. नियम करणाऱ्याने दडपणाला आळा घालण्यासाठी हे घातले असावे. मला मात्र ते वेगळ्याच कारणाने आवडले. टंकलिखित कागदावर माणूस काहीही सही करून देतो. हाताने लिहिताना शब्दाशब्दाला थांबावे लागते. मी दोन कागद फाडले. पहिल्यात 'संस्थेच्या हितासाठी' असे आले होते, दुसऱ्यात 'सहकाऱ्याला संधी मिळावी म्हणून'. तिसऱ्यात फक्त लिहिले, की थोरल्या बंधूंच्या आजारामुळे दिवाळीनंतर सेवानिवृत्ती घेण्याचा माझा विचार आहे, म्हणून मी हा हक्क सोडत आहे. कागद पाऊण पानाचाही झाला नाही.

घरी ही दोन दिवस कमी बोलली. तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, "फळ्यावर नाव नाही, तर नाही. पण त्या वेतनवाढीचे काय करायचे, ते तुमच्या दादांना विचारा." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. सरळ वागले की शेवटी फायदाच होतो, असे सांगणारी गोष्ट मला रचायची नाही. तोटा झाला आहे, तो दर महिन्याला होणार आहे, आणि त्यात माझ्याबरोबर तीही आहे. माझ्या निर्णयाचा अर्धा भार तिच्यावर पडणार होता, तर बाईंच्या आधी तिला विचारायला हवे होते. ती चूक माझी.

जुलैत बाईंनी कार्यभार घेतला. मी माझे दहावीचे गणित शिकवीत राहिलो. सूचनेचा अर्ज रीतसर दिला. माझे वर्ग पुढे कोण घेणार, हे पावसाळ्यातच ठरले. मधल्या सुट्टीत रंगारी फळ्यावर बाईंचे नाव रंगवीत होता, तेव्हा मी मुद्दाम तिकडून गेलो. पाहवते काय, ते पाहायचे होते. पाहवले, पण अगदी सहज पाहवले, असे म्हणवत नाही.

या दिवाळीला आम्ही सारे घाटाखाली आहोत. पुतण्याही आला आहे. दादांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिले आहे. वहिनी पेला मोजून त्यांच्या हातात देते. काल ओसरीवर पणत्या लावताना त्यांनी मला विचारले, "मंग काय केलं त्या इसाराचं?"

"घेतलाच नाही," मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "उद्या तुरीत पानी सोडाचं हाये. पाह्यटे उठशीन ना?"

मी हो म्हणालो. ही नवी नोकरी बिनपगारी आहे. पण इथे इसार मी तीस वर्षांपूर्वीच घेऊन ठेवला आहे.