सारथ्याचा दोष कोणाचा?

गेल्या पावसाळ्यांत पुण्यांत आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ सायंकाळीं फिरून परत येत असतां एका दुचाकीचा धक्का लागून रस्त्यावर पडले. मांडीचें हाड मोडलें. दुचाकीवर विशी-बाविशीचा एक मुलगा होता. पाठीवर कोणाच्या तरी जेवणाची चौकोनी पेटी. तो पळून गेला नाहीं. रिक्षा त्यानेंच थांबविली. पण म्हाताऱ्याला आंत बसवितांनाही त्याची दृष्टि पुन्हां पुन्हां मोबाइलच्या पडद्याकडे वळत होती, कारण तेथें त्याचीं मिनिटें मोजलीं जात होतीं. पुढें गृहस्थांच्या चिरंजीवांनीं कंपनीला पत्र लिहिलें, तेव्हां उत्तर आलें कीं, हा मुलगा आमचा नोकर नव्हे, 'भागीदार' आहे. त्याच्या चुकीशीं आमचा संबंध नाहीं. नफ्याच्या वहींत ज्याचें नांव नाहीं, तो हानीच्या वहींत तेवढा भागीदार कसा, हा प्रश्न तेव्हांपासून माझा पिच्छा सोडीत नाहीं.

कायदा जखमी मनुष्याला अगदींच निराधार ठेवतो असें नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें चालक, वाहनाचा मालक आणि विमा कंपनी यांच्याकडून त्याला न्यायाधिकरणापुढें भरपाई मागतां येते. तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा उतरणें सक्तीचें आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें आलेल्या १६४ व्या कलमाखालीं तर चालकाची चूक शाबीत न करतांही मृत्यूबद्दल ५ लाख व जबर दुखापतीबद्दल २.५ लाख रुपये मिळूं शकतात. म्हणून वाहनाचा क्रमांक टिपणें, पोलिसांत वर्दी देणें आणि औषधोपचाराचे कागद जपणें, हें अशा वेळीं पहिलें काम होय. परंतु या व्यवस्थेला दोन छिद्रें आहेत. दुचाकी बहुधा त्या मुलाचीच असते आणि तिचा विमा घरगुती वापरापुरता असतो. धंद्यासाठीं वापरून अट मोडली, असा वाद विमा कंपनी घालूं शकते. दुसरें असें कीं, ताशीं २५ किलोमीटरच्या आंत धांवणाऱ्या अल्पशक्तीच्या विजेच्या दुचाक्या कायद्याच्या दृष्टीनें मोटार वाहनेंच नव्हत; त्यांना परवाना नाहीं, नोंदणी नाहीं आणि सक्तीचा विमाही नाहीं. तेथें दिवाणी न्यायालयाची लांब वाट आणि तिच्या शेवटीं एका गरीब मुलाचा रिकामा खिसा, एवढेंच उरतें.

नोकरानें कामाच्या ओघांत केलेल्या चुकीचा भार धन्यावर पडतो, हें तत्त्व जुनें आहे. लंडनच्या एका ऑम्निबस कंपनीनें आपल्या चालकांना प्रतिस्पर्धी गाड्यांशीं शर्यत न करण्याची लेखी ताकीद दिली होती. तरीही एका चालकानें शर्यत करून अपघात केला, तेव्हां १८६२ सालीं न्यायालयानें कंपनीलाच जबाबदार धरलें. ताकीद कागदावर राहते आणि घाई रस्त्यावर धांवते. आपल्याकडे २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली. तिनें या पोरांची दखल घेतली, त्यांच्या कल्याणनिधींत कंपन्यांनीं भर घालावी असेंही ठरविलें. पण व्याख्या करतांना त्यांना मालक-नोकर या रूढ नात्याच्या बाहेरच ठेवलें.

कंपन्यांची बाजू अगदींच पोकळ नाहीं. मुलगा आपल्या मर्जीनें कामावर येतो, मर्जीनें जातो, असें त्या म्हणतात, आणि तें खरें आहे. परंतु एकदां काम हातीं घेतल्यावर दर कोण ठरवितो, वेळ कोण मोजतो, उशीर झाल्यास पुढचें काम कोण कमी करतो? लगाम ज्याच्या हातीं, त्यानें रथ आपला नव्हे म्हणणें न्यायाला धरून नाहीं.

मनुस्मृतींतील पुष्कळसें आज टाकाऊ आहे. तथापि तिच्या आठव्या अध्यायांत या प्रश्नाचा एक विलक्षण विचार आहे. सारथी कुशल असेल तर दंड सारथ्याला. अकुशल असेल तर दोनशें पणांचा दंड रथाच्या स्वामीला. आणि अशा रथांत जे बसले असतील, त्यांनाही प्रत्येकीं शंभर. रथांत बसणाऱ्यांना दंड कां? कारण धांव त्यांच्यासाठीं होती. आपण आज रथांत बसत नाहीं, घरांत बसतों; पण रथ आपल्यासाठींच धांवतो. दहा मिनिटें अधिक लागलीं म्हणून कुरकुरणारा मी त्या अपघातापासून सर्वस्वीं अलिप्त आहें काय?

कोणी म्हणेल, मग ग्राहकावरही दावा लावावा काय? तसें नव्हे. नैतिक वांटा आणि कायद्याचें ऋण एक नव्हत. परंतु भार कंपनीवर टाकला, तर ती धंद्याचा पुरा विमा उतरवील, त्याचा खर्च किंमतींत धरील, आणि प्रत्येक ताटामागें चार पैसे अधिक देऊन आपणही आपला दंड भरूं. मनूनें रथस्थांकडून जें मागितलें, तें असें कोणाला न दुखवितां वसूल होईल. मुलगाही त्यानें निर्दोष ठरत नाहीं. वेग त्यानें वाढविला, तेवढा दोष त्याचा. मात्र तीन वांटेकऱ्यांचें ऋण एकट्यानें फेडावें, हें न्याय्य नव्हे.

आमच्या शेजाऱ्यांना अजून काठीवांचून चालतां येत नाहीं. विमा कंपनीनें तीच हरकत घेतली आहे. परवां मीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "वसुली निघेल ती त्या पोरावरच. आणि कंपनीचें, विम्याचें कोणी आलें नाहीं हो. दवाखान्यांत मला दोनदां भेटून गेला तो एवढा तोच."