एकवीस दिवस

घराला एक खोली वाढवायची, एवढ्याशा गोष्टीत माणसाच्या नीतीची परीक्षा होईल असे मला कधी वाटले नव्हते. पण यंदा ते घडले खरे! आई दिवाळीला गावाहून आमच्याकडे भूगावला यायची होती. तिच्यासाठी नवी खोली ऐसपैस हवी, खिडक्या दोन हव्यात, वसुबारसेच्या आत हवी आणि खर्च मात्र मास्तरकीच्या पगारात बसायला हवा. सारे हट्ट माझेच.

आरंभी ही ओढाताण निभावली. विटांचे काम रेंगाळले तेव्हा दोन गडी जास्त लावले. पैसे गेले, दिवस वाचले. पुढे पैसा आटला तेव्हा एक खिडकी रद्द केली. काम, वेळ आणि पैसा ही तीन भावंडे एकाच पांघरुणात निजलेली असतात. एकाने ओढून घेतले की दुसरे उघडे पडते. घरोघरीची गृहिणी हे जाणून असते. मला मात्र पन्नाशी जवळ आल्यावर उमगले.

पण स्लॅब पडला आणि ही देवघेव अडली. मिस्त्री म्हणाले, "खालचे टेकू एकवीस दिवस काढायचे नाहीत." वसुबारस होती बाराव्या दिवशी. मी जादा मजुरी देऊ केली. ते हसले. "गुरुजी, शंभर माणसं उभी केली म्हणून सिमेंट लवकर मुरत नाही." मी चिडलो. पुष्कळ लोक आधीच काढतात, काही होत नाही, असेही बोलून गेलो. त्यांनी शांतपणे विचारले, "खाली झोपणार कोण?"

झोपणार होती आई.

त्या रात्री मला पानशेत आठवले. माझ्या जन्माआधीची ती गोष्ट. पण पुण्याच्या आसपास ती ऐकल्यावाचून कोणी मोठा होत नाही. १९६१ सालचा पावसाळा. मातीचे धरण, काम अद्याप अपुरे, पाणी सोडण्याच्या दरवाज्याचेही काम राहिलेले, आणि आत पाणी मात्र चढत चाललेले. खालच्या नळावरची माती खचू लागली. जवानांनी रात्रभर पोती रचली. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही टिकले नाही, आणि भर दिवसा पुण्याच्या पेठांत पाणी शिरले.

पाणी एक पावसाळा आधी मिळावे ही इच्छा काही दुष्टपणाची नव्हे. माणूस घाई करतो ती बहुधा चांगल्याच हेतूने. मी तरी कोणासाठी करीत होतो? परंतु वाचलेले दिवस एकाच्या पदरात पडतात आणि धोका दुसऱ्याच्या डोक्यावर टांगला जातो. नारायण पेठेतल्या, शनिवारातल्या बिऱ्हाडांना कोणी विचारले होते? मीही आईला कुठे विचारणार होतो? खिडकी रद्द केली ती तिला डोळ्यांनी दिसली असती. काढून घेतलेले नऊ दिवस मात्र तिला कधीच दिसले नसते.

सकाळी मिस्त्रींना म्हटले, "राहू द्या टेकू."

आई आली. जुन्याच खोलीत, नातवंडांच्या गर्दीत तिचे अंथरूण पडले. दुसऱ्या दिवशी ती नवी खोली पाहायला गेली आणि त्या बांबूंच्या रानातून वाकत वाकत हिंडली. "एकच खिडकी रे?" तिने विचारले. मी खाली पाहिले. एवढ्यात धाकट्याने मधल्या टेकूला आकाशकंदील बांधला आणि "आजी, लावू का?" म्हणून तो ओरडला.