सशाच्या बाजूने

आमच्या जमातीतील एक मुलगी पशुवैद्यकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर ती वडिलांसोबत भेटायला आली. म्हणाली, “मौलाना, संशोधनासाठी सशांची हाडे कापावी लागणार आहेत. अल्लाहसमोर मी काय जाब देऊ?” त्या दिवशी मी दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटत राहिले, म्हणून हे लेखन.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. अपघातात हाडाचा मोठा तुकडाच नाहीसा झाला तर ती पोकळी आपोआप भरून येत नाही. तिला उत्तम भरण म्हणजे रुग्णाचे स्वतःचे हाड. माणसात ते बहुधा कमरेतून काढतात, कुत्र्यात खांद्याजवळून. पण त्यासाठी शरीराला दुसरी जखम करावी लागते आणि हाडही मोजकेच मिळते. म्हणून पर्यायांचा शोध चालतो. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपल्या ओळखीचे प्लास्टर ऑफ पॅरिस, काही आठवड्यांत विरघळते. कित्येकदा नवे हाड तयार होण्याआधीच. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट वर्षानुवर्षे तसेच राहते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या दोहोंच्या मधले. यांची तुलना करण्यासाठी सशाच्या पुढच्या पायातील एका हाडाचा तुकडा काढतात. शेजारचे हाड भार पेलत असल्याने ससा चालू शकतो. एका गटात एक द्रव्य भरतात, दुसऱ्यात दुसरे, आणि एका गटात पोकळी रिकामीच ठेवतात. ठरावीक आठवड्यांनी एक्स-रे काढतात व अखेरीस सशाला मारून हाडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

तुटलेल्या हाडाला दुसरे हाड जोडण्याचा प्रश्न आपल्या फुकहांना नवा नव्हता. फतावा-ए-आलमगिरीत इमाम मुहम्मद (रह.) यांचे मत नोंदलेले आहे की शेळी, गाय, उंट यांच्या हाडाने उपचार करण्यास हरकत नाही, डुकराचे व माणसाचे हाड मात्र टाळावे. कोकणातील आपले बांधव ज्या शाफई मसलकाचे आहेत, त्यात शुद्ध हाड मिळत नसेल तर नापाक हाड जोडणाऱ्यास सवलत आहे. परंतु ही सारी चर्चा रुग्णाच्या बाजूने झाली. सशाची बाजू हदीसमध्ये शोधावी लागते.

ती तेथे ठळकपणे आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीचा अंजाम आपण सर्वांनी ऐकला आहे. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली. जबह करतानाही सुरी धारदार असावी आणि जनावराला आराम द्यावा, अशी ताकीद दिली.

काही जण म्हणतात, खाण्यासाठी जबह जायज आहे, मग उपचारासाठी प्राणी का वापरू नये? मला हा कियास अपुरा वाटतो. जबह क्षणांत उरकतो; येथे ससा तोडलेले हाड घेऊन बारा बारा आठवडे जगतो. जीव घेण्याची परवानगी म्हणजे वेदना लांबवण्याची परवानगी नव्हे. गरज खरी असेल, भूल व वेदनाशामक औषधे शेवटपर्यंत दिली जात असतील, तरच मी या कामाला जायज म्हणेन. गरज कोणाची, हेही विचारले पाहिजे. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे ते केवळ प्रबंधाची पाने भरण्यासाठी पुन्हा सशाच्या हाडात शोधणे, हे मला त्या चिमणीच्या रिवायतीची आठवण करून देते, जी कयामतच्या दिवशी आपल्याला विनाकारण मारल्याची तक्रार करील.

रिकाम्या गटापाशी मी सर्वाधिक अडखळलो. त्या सशांना काहीच मिळत नाही. पण तो गट नसेल तर हाड द्रव्यामुळे वाढले की आपोआप, हे कळणार नाही, आणि मग बाकीच्या सशांचेही दुःख वाया जाईल. असे असले तरी तो लहानात लहान ठेवता येतो.

आपल्या देशात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांना संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. रसेल व बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1959 मध्येच प्राण्यांना पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा, असे सांगितले होते. मुलीने हे अभ्यासलेच होते. तिला भीती होती ती या अटी कागदावरच राहण्याची. परवा ती पुन्हा आली. मार्गदर्शकांशी बोलून तिने एक गट वगळला आहे, कारण त्याचे उत्तर जुन्या प्रबंधांत सापडले. आराखडा अजून समितीपुढे आहे. सशांची संख्या ठरली की कळवते, असे सांगून ती गेली.