खांदा दुखू लागला म्हणजे

डोळे अधू झाले की माणूस चष्मा लावतो, आणि त्याला कोणी आळशी म्हणत नाही. कानांनी कमी ऐकू येऊ लागले तर घरचे लोक मोठ्याने बोलू लागतात. पण खांदा दुखू लागला म्हणजे मोठी पंचाईत होते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो धडधाकट दिसतो. दुखणे ज्याचे त्यालाच ठाऊक. पाण्याच्या दीड लिटरच्या सहा बाटल्यांची गठडी, म्हणजे ९ किलो वजन, जिन्याखाली पडलेली असते. घर तिसऱ्या मजल्यावर आणि जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. उचलावी तर रात्रभर कळ, न उचलावी तर 'म्हातारा काम टाळतो' असे कोणी म्हणेल ही धास्ती. तेव्हा ओझे खाली ठेवणे ही कामचुकारी की शहाणपण, हा प्रश्न केवळ औषधाचा नाही, नीतीचाही आहे.

आपल्या समाजाला तो जास्त बोचतो. १९५० आणि १९६० च्या दशकांत इस्राएलात आलेल्या आपल्या पुष्कळ लोकांनी दिमोना, बेर-शेवा, लोद, अश्दोद अशा गावांत गिरण्यांत, कारखान्यांत आणि बांधकामांवर हातांनी काम करून संसार उभे केले. कष्ट हीच त्यांची अब्रू. अशा माणसाला 'आता उचलू नका' असे सांगणे म्हणजे त्याच्या अब्रूलाच हात घालण्यासारखे त्याला वाटते.

मुळात खांदा आहे कसा? दंडाच्या हाडाचा गोल माथा एका उथळ खोबणीत टेकलेला असतो. खोबण उथळ म्हणूनच हात वर, मागे, सगळीकडे फिरतो, पण त्या मोकळेपणाची किंमत द्यावी लागते. सांधा जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः चार स्नायू आणि त्यांच्या चिवट दोऱ्या करतात. जुने लुगडे विरते तशा या दोऱ्या वयाबरोबर विरतात. साठीनंतर कित्येकांच्या दोऱ्या थोड्याफार फाटलेल्या असतात आणि त्यांना पत्ताही नसतो, तर काहींना कोट चढवताना ब्रह्मांड आठवते. दुसरा प्रकार खांदा आखडण्याचा, ज्याला डॉक्टर फ्रोझन शोल्डर म्हणतात. तो बहुधा चाळीस ते साठ या वयात, पुरुषांपेक्षा बायकांना अधिक, आणि मधुमेह असणाऱ्यांना फारच अधिक होतो. आधी दुखतो, मग जखडतो, मग हळूहळू सुटतो. यात एक ते तीन वर्षे जातात. (डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छाती दाटली, घाम फुटला, तर त्याला खांद्याचे दुखणे समजून तेल चोळीत बसू नये. मागेन दावीद आदोमला १०१ वर फोन करावा.)

यातली एक गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते. दुखऱ्या खांद्यावर जड ओझे घातले तर तो बिघडतो, पण त्याला अजिबात न हलवता गळ्यात बांधून ठेवला तरीही बिघडतो. म्हणूनच फिजिओथेरपीवाले ओणवे होऊन हात लंबकासारखा झुलवायला सांगतात, भिंतीवर बोटे चढवत न्यायला सांगतात. म्हणजे 'सगळे मीच करीन' म्हणणारा आणि 'आता माझ्याने काही होत नाही' म्हणून खाटेवर पडणारा, दोघांनाही शरीर सारखेच नाकारते.

आपल्या शास्त्रात या प्रश्नाचा निवाडा फार पूर्वी झालेला आहे, पण तो वाचताना आपण सहसा थांबत नाही. अरण्यात दर्शनमंडप उभा झाला तेव्हा सरदारांनी ६ गाड्या आणि १२ बैल आणून दिले. मोशेने दोन गाड्या गेर्षोनाच्या वंशाला दिल्या, चार मरारीच्या वंशाला. कहाथाच्या वंशाला एकही नाही, कारण पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावरच वाहायच्या होत्या. एवढा मान, आणि तो नेमका खांद्याचा! तरीही पन्नासावे वर्ष लागले की लेव्याने त्या कामातून निवृत्त व्हावे असा नियम आहे. दुखत असो वा नसो. मात्र त्याला घरी बसवलेले नाही. त्याने आपल्या भाऊबंदांना मदत करीत राहावे असे तिथेच म्हटले आहे. थोर भाष्यकार राशी (१०४० ते ११०५) सांगतात की तो दरवाजे बंद करण्याच्या, गाण्याच्या आणि गाड्या भरण्याच्या कामावर परत येतो. तालमूदात तर याहून पुढचे आहे. वयाचे बंधन फक्त खांद्यावर वाहण्याच्या काळापुरते. पुढे शिलोत आणि मंदिरात लेवी वयामुळे बाद होत नसे, आवाज गेला तरच होई.

आता हे आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहा. रोश हशानाला चिकाचा हलवा करायचा असतो. नारळ खवणे, दूध काढणे, आणि मग आटेपर्यंत एकसारखे घोटणे. घोटणाऱ्या हाताचा खांदा भरून येतो. पुष्कळ घरांत म्हातारी कलथा हातातून सोडत नाही. 'तुम्हाला जमायचे नाही, खाली लागेल' म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी तिला केस विंचरता येत नाहीत. लोक याला माया म्हणतात. माया आहेच, पण मला त्यात थोडा अहंकारही दिसतो. कारण कलथा सोडला नाही तर सून आणि नातवंडे शिकणार कधी? घोटायला कोणाचाही जवान हात चालतो. हलवा कडा सोडू लागला की नाही, ताटात कधी ओतायचा, हे पाहायला मात्र तिचाच डोळा लागतो. दरवाजा राखायचे काम तिचे आहे.

दुखणे लपवणे हा याचा दुसरा भाग. माझा खांदा, माझे दुखणे, मी कोणाला का सांगू, असे पुष्कळ पुरुष म्हणतात. पण कपाट दोघांनी उचलले की त्याचे दुसरे टोक दुसऱ्याच्या हातात असते. लाकडी पेटीतला सेफर तोरा चांगला जड असतो. तो उचलण्याचा मान मिळाला आणि हात वर जात नसेल, तर हजानच्या कानात नाही म्हणणे हेच त्या मानाला शोभते. सेफर पडला तर उपास धरण्याची चाल आहे, आणि ते ओझे साऱ्या मंडळीवर येते. दुखणे वाढवून सांगणाऱ्यांचे काय, असे कोणी विचारील. तेही असतात. पण आपल्या वडीलधाऱ्यांत लपवणारेच मला जास्त भेटतात. कामावर वर्षानुवर्षे हात वर करून खांदा झिजला, तरी 'अपघात झाला नाही' म्हणून ते बितुआह लेउमीकडे अर्ज करीत नाहीत. वास्तविक एकाच हालचालीच्या हजारो लहान दुखापतींनी झालेली इजा इथली न्यायालये कामावरचा अपघात म्हणून मान्य करू शकतात. थेंब थेंब पाण्याने दगड झिजावा, तशी. हक्क मागणे म्हणजे भीक नव्हे.

राहता राहिला तो, ज्याच्या घरी ओझे द्यायला कोणी नाही. मुले तेल अवीवला किंवा परदेशी, जोडीदार गेलेला. त्याला लेव्याचा नियम सांगून काय उपयोग? त्याचे भाऊबंद म्हणजे शेजारी, म्हणजे आपणच. त्याने दार ठोठवावे हे खरे, पण ज्याने आयुष्यभर कोणाचे दार ठोठावले नाही, त्याला सत्तराव्या वर्षी ते ९ किलोंहून जड जाते. जिन्याखाली बाटल्यांची गठडी दिसली तर ती कोणाची, हे विचारत न बसता वर नेऊन ठेवावी. आणि तो चहाला थांबवील, तेव्हा घाई आहे म्हणू नये.