मोक्याची जागा

प्लॉटच्या जाहिरातीत ‘मोक्याची जागा’ असं छापलं की भाव चढतो. स्टेशन दहा मिनिटांवर, हमरस्ता समोर. लष्कराच्या इतिहासातही हाच शब्द भेटतो. तिथे मात्र चढा भाव मोजतो तो आधीपासून राहत असलेला माणूस.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं, टेनेसीच्या हद्दीला खेटून असलेलं कॉरिंथ हे असं गाव. १८५०च्या दशकात ते वसलंच मुळी दोन रेल्वेमार्ग तिथे एकमेकांना छेदणार म्हणून. मेम्फिस-चार्ल्सटन पूर्व-पश्चिम, मोबाइल-ओहायो दक्षिणोत्तर. पहिलं नावही ‘क्रॉस सिटी’. पुढे एका संपादकाच्या सुचवण्यावरून ग्रीसमधल्या नाक्यावरच्या शहराचं नाव घेतलं. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी पेटली तेव्हा गावाला जेमतेम आठेक वर्षं झाली होती आणि वस्ती हजार-बाराशेची.

दक्षिणेकडे रूळ आधीच विरळ. मिसिसिपी नदीकडून अटलांटिक किनाऱ्याच्या दिशेने सरळ जाणारी मोठी वाट म्हणजे हीच मेम्फिस-चार्ल्सटन. सैन्य, दारूगोळा, दाणागोटा, जखमी, सगळं तिच्यावरून. १८६२च्या एप्रिलमध्ये शायलोच्या लढाईत दोन दिवसांत दोन्ही बाजूंची मिळून तेवीस हजारांहून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. शायलो हे तिथल्या एका साध्या लाकडी प्रार्थनाघराचं नाव. त्या घरासाठी कोणी लढत नव्हतं. उत्तरेचा सेनापती ग्रँट याचं सैन्य टेनेसी नदीकाठी उतरलं होतं ते पस्तीसेक किलोमीटरवरच्या कॉरिंथवर डोळा ठेवून. तरी लोकांच्या लक्षात राहिलं ते शायलो. वाचणाऱ्याला रसदेपेक्षा तलवार प्यारी, दुसरं काय.

शायलोचे जखमी कॉरिंथला आले. रुळांशेजारच्या टिशोमिंगो हॉटेलचं इस्पितळ झालं. मोबाइल शहरातून सेवेला आलेल्या केट कमिंगने रोजनिशीत लिहून ठेवलंय, की माणसं जमिनीवर इतकी दाटीने पडलेली होती की पाऊल टाकायला जागा नव्हती. त्यात हजारोंच्या फौजेचा तळ. बाराशे माणसांचं पाणी एवढ्यांना कसं पुरणार? उथळ खड्डे खणून गढूळ पाणी उपसलं गेलं आणि हगवण, विषमज्वर छावणीभर पसरला. सेनापतींच्या नकाशावर रूळ होते, विहिरी नव्हत्या.

मग उत्तरेचा सेनापती हॅलेक लाखावर फौज घेऊन आला. तीसेक किलोमीटर यायला त्याला महिना लागला, कारण थोडं पुढे सरकलं की तो खंदक खणायला लावी. आत दक्षिणेचा सेनापती बोरगार्ड याने ओळखलं, की गाव राखता येत नाही. मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री त्याने गाव रिकामं केलं. गाड्या रिकाम्याच येत, पण प्रत्येक गाडीची शिट्टी झाली की कुमक आल्यासारखा जल्लोष करायचा हुकूम होता. तोफांच्या जागी काळे रंगवलेले ओंडके. सकाळी हॅलेकच्या हाती ओस गाव लागलं. मला त्या सगळ्या युद्धात एवढी शहाणी हूल दुसरी दिसत नाही. निदान त्या वेळी गावासाठी मोठी लढाई झाली नाही. ऑक्टोबरमध्ये दक्षिणेचा व्हॅन डॉर्न ते गाव परत घ्यायला आला, लढाई गल्ल्यांतून थेट रुळांपर्यंत पोचली आणि दोन दिवसांत हजारो माणसं खर्ची घालून तो मागे फिरला.

या हिशेबात कोणी न धरलेली माणसं मात्र अजून यायची होती. उत्तरेचं सैन्य कॉरिंथला आहे हे कळताच आसपासच्या मळ्यांतले गुलाम पळून तिथे येऊ लागले. जनरल डॉजने त्यांच्यासाठी छावणी उभी केली. तंबूंच्या जागी लाकडी घरं आली, रस्ते आखले गेले, चर्च, शाळा, इस्पितळ झालं. वस्ती सहा हजारांपर्यंत गेली, म्हणजे मूळ गावाच्या कितीतरी पट. सामुदायिक शेतीत भाजी आणि कापूस पिकला. कॉरिंथच्या शेतीने १८६३च्या मेपर्यंत चार-पाच हजार डॉलरचा नफा दाखवला. तिथल्या पुरुषांतून काळ्या सैनिकांची एक पलटण उभी राहिली.

माझ्या मते त्या गावाचा मोका खऱ्या अर्थाने साधला तो या माणसांनी. दोन्ही सैन्यांना तिथून पुढे कुठेतरी जायचं होतं. यांना तिथे पोचायचं होतं.

डिसेंबर १८६३मध्ये छावणी मेम्फिसला हलवण्यात आली. पुढच्याच महिन्यात उत्तरेच्या सैन्यानेही कॉरिंथ सोडलं. बांधलेली घरं, शाळा आणि कसलेली रानं मागे राहिली.