गोरजवेळेचा प्रकाश आणि चेहऱ्याचे सत्य

विवाह आणि संध्याकाळ यांचे नाते छायाचित्रकलेने जुळविलेले नाही. ते तिच्याहून कितीतरी जुने आहे. चरून परतणाऱ्या गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ मावळत्या उन्हात तरंगू लागते, त्या वेळेला मराठीने ‘गोरज’ म्हटले आणि ती लग्नासाठी शुभ मानली. शहरांतून गाई गेल्या, ती धूळही गेली. लग्नपत्रिकेवर मात्र ‘गोरज मुहूर्त’ हे शब्द अजून छापले जातात. आज त्याच घटकेची वाट ज्योतिष्याइतक्याच आतुरतेने छायाचित्रकारही पाहत असतो. वधूवरांना घेऊन तो गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा वसईच्या किल्ल्यात जातो, सूर्य त्यांच्या पाठीशी येईल असे त्यांना उभे करतो आणि ऊन कलण्याची वाट पाहतो. त्या प्रकाशात दोघांच्या केसांभोवती सोनेरी कड उमटते, चेहऱ्यावरच्या रेषा विरतात, डोळ्यांत एक ओलावा दिसू लागतो. हे रूप मोहक असते, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो त्याच्या सत्यतेचा. जो चेहरा दिवसातून जेमतेम पाऊण तास असा दिसतो, तोच त्या माणसाचा चेहरा म्हणून जन्मभर भिंतीवर टांगावा काय?

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी हा प्रकाश कसा घडतो, ते पाहणे उचित ठरेल. क्षितिजालगतच्या सूर्याच्या किरणांना माथ्यावरच्या सूर्याच्या किरणांपेक्षा सुमारे ३८ पट हवा ओलांडून यावे लागते. त्या प्रवासात निळा प्रकाश आजूबाजूला विखुरला जातो आणि तांबूस-पिवळा तेवढा थेट पोहोचतो. या विखुरण्याचा नियम लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये मांडला. थेट ऊन असे क्षीण होते, तेव्हा आकाशाकडून येणाऱ्या पसरट उजेडाचा वाटा वाढतो, आणि म्हणून सावल्यांच्या कडा मवाळ होतात. सूर्य पाठीशी घेऊन उभ्या राहिलेल्या जोडप्याच्या मुखावर तर सूर्याचे ऊन पडतच नाही. त्यांची मुखे उजळतात ती समोरच्या आकाशाने. हा काळ स्थळानुसार कमीजास्त असतो. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाकडे बराच सरळ उतरतो, त्यामुळे ही घटका लवकर सरते. लंडनमध्ये तो तिरपा उतरतो, म्हणून ती अधिक रेंगाळते. तात्पर्य, या मोहकपणात जादू नाही, लबाडीही नाही. तो निसर्गाचाच एक नित्यक्रम आहे.

तरीही आक्षेप उरतोच. प्रकाश नैसर्गिक असला, तरी त्याची निवड माणसाने केलेली असते, आणि निवड हेतुपूर्वक असते. दोष दिसू नयेत म्हणून जो उजेड निवडला, तो साक्षीदार म्हणून कसा स्वीकारावा, असे आक्षेपक विचारील. या युक्तिवादामागे एक गृहीतक दडलेले आहे: कोठेतरी एक तटस्थ प्रकाश असतो आणि त्यात चेहरा ‘जसा आहे तसा’ दिसतो. हे गृहीतक तपासले की टिकत नाही. माध्यान्हीचे ऊन प्रखर असते म्हणून त्याला सत्यनिष्ठ मानण्याचा प्रघात आहे. परंतु ते डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरते, नाकाखाली सावलीचा डाग पाडते आणि डोळे किलकिले करावयास लावते. दुपारचा चेहरा हाही एका वेळेचाच चेहरा होय. यंत्राच्या तटस्थतेची कथा याहून वेगळी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कित्येक दशके रंगीत छायाचित्रांच्या प्रयोगशाळांत रंगमेळ साधण्यासाठी गौरवर्णी स्त्रीचे नमुनाचित्र समोर ठेवले जाई. त्या मापाने सावळी त्वचा अनेकदा काळवंडलेली, तपशील हरवलेली उमटे. ज्याला प्रमाण म्हटले, तेच एका वर्णाकडे झुकलेले होते. तेव्हा संध्याप्रकाश पक्षपाती म्हणून त्याज्य ठरवावयाचा, तर निष्पक्षपाती प्रकाश कोणता, हे प्रथम दाखवावे लागेल.

कृत्रिमता हाही असत्याचा निकष होऊ शकत नाही. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’ या चित्रपटात काशीतील एका घराचे अंगण आहे. ते उभारले होते स्टुडिओत. तशा घरांच्या अंगणात वरून झिरपणारा, सावली न पाडणारा उजेड असतो. तो साधण्यासाठी छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत त्यावर पाडून परतून येणारा प्रकाश वापरला. तो उजेड सर्वस्वी रचलेला होता. तरी त्या अंगणाशी तो प्रामाणिक होता. उलट, खऱ्याखुऱ्या मावळतीच्या उन्हात काढलेले चित्र अप्रामाणिक असू शकते. याचा अर्थ असा की, सत्यासत्याचा निर्णय प्रकाशाच्या उगमावरून लागत नाही. तो त्या प्रकाशाकडून कोणते काम करून घेतले जाते, यावरून लागतो.

या ठिकाणी मुहूर्तशास्त्र अनपेक्षितपणे उपयोगी पडते. राम दैवज्ञाच्या १६०० मधील ‘मुहूर्तचिंतामणि’ या ग्रंथात गोधूलीचा काळ ऋतुपरत्वे वेगळा सांगितला आहे: हेमंतात सूर्य निस्तेज गोळ्यासारखा भासू लागतो तेव्हा, उन्हाळ्यात तो अर्धा मावळतो तेव्हा, आणि पावसाळ्यात तो पूर्ण मावळतो तेव्हा. गणितात मुरलेल्या शास्त्रानेही येथे डोळ्यांनी दिसणारा प्रकाश हाच पुरावा मानला आहे. त्याहून महत्त्वाचा भाग पुढे येतो. या घटकेला तिथी, नक्षत्र, करण आदींचा विचार करण्याचे कारण नाही, इतर वेळी जे दोष ठरतात ते येथे मोजू नयेत, असे त्या शास्त्राचे म्हणणे आहे. ज्या उजेडात चेहऱ्याचे दोष विरतात, त्याच उजेडात मुहूर्ताचे दोष माफ व्हावेत, हा योगायोग मानला तरी अर्थपूर्ण आहे. दोष नाहीत, असा दावा येथे नाही. ते आहेत आणि ते मोजावयाचे नाहीत, एवढीच परवानगी आहे.

दोष न मोजणे आणि दोष दडविणे यांत नैतिक अंतर आहे. जो क्षमा करतो त्याला दोष ठाऊक असतो. जो दडवितो त्याला समोरच्याच्या अज्ञानाची गरज असते. संध्याप्रकाशातील चित्र यांपैकी कोणत्या बाजूला पडते, हे त्या चित्रापुरते पाहून सांगता येत नाही. ते कोणाच्या हाती जाणार, यावर अवलंबून असते. ज्या दोघांनी परस्परांना रणरणत्या दुपारी, आजारपणात, रागात पाहिले आहे, त्यांच्यासाठी असे चित्र म्हणजे जाणूनबुजून दिलेली एक सवलत असते. उलट, विवाह ठरविण्यासाठी अनोळखी घरी पाठविलेला फोटो पाहा. तेथे पाहणाऱ्याने तुलनेसाठी दुसरा कोणताच चेहरा पाहिलेला नसतो. आपल्याकडे या फोटोचा भार बहुतांशी मुलीवर पडत आला आहे. तिला मवाळ उजेडात बसविणे हे वरकरणी तिच्या हिताचे; प्रत्यक्षात मात्र पुढे प्रत्यक्ष भेटीत तिचाच चेहरा तिच्याच चित्राशी तोलला जातो आणि उणा ठरविला जातो. प्रकाश तोच असूनही पहिल्या ठिकाणी तो क्षमा असतो, दुसऱ्या ठिकाणी सापळा.

हीच कसोटी चित्रावर मागाहून केल्या जाणाऱ्या संस्कारांना लावता येते. मावळतीचे ऊन सावळ्या आणि गोऱ्या त्वचेवर एकाच रंगाची झाक टाकते. सावळी त्वचा त्यात गोरी होत नाही, ती सावळीच राहून उजळते. चित्रात नंतर हात घालून वर्ण गोरा करणे ही वेगळी गोष्ट आहे. तेथे न्यून आधी ठरविले जाते आणि मग पुसले जाते. म्हणजे दोष न मोजण्याऐवजी, जो दोष मुळात नव्हता तो मोजून काढला जातो. प्रकाशाची दया आणि हातसफाईची दया यांत गल्लत करू नये.

आणखी एक धोका साहित्यशास्त्राच्या परिभाषेत मांडणे सोयीचे होईल. शृंगाराच्या निष्पत्तीत नायक-नायिका हे आलंबन विभाव, आणि चंद्रोदय, ऋतू, उपवन हे उद्दीपन विभाव. उद्दीपनाचे काम भावाला चेतविण्याचे. भावाचा आधार होण्याचे नव्हे. वधूवरांच्या आजच्या छायाचित्रांत पुष्कळदा उद्दीपनच आलंबनाची जागा घेते. तेच तिरपे ऊन, तेच अर्धमिटले डोळे, कपाळाला टेकलेले तेच कपाळ. माणसे बदलली तरी चित्र बदलत नाही. काव्यात साधारणीकरण हा गुण आहे, कारण तेथे व्यक्तीचे वैशिष्ट्य गळून भाव सर्वांचा व्हावयाचा असतो. व्यक्तिचित्राचे प्रयोजन याच्या उलट आहे: तेथे सर्वांच्या भावातून हीच दोन माणसे उरावयास हवीत. प्रकाश इतका सुंदर झाला की त्याखाली कोणीही उभे राहिले तरी चालेल, तर त्या चित्राने दोघांचा उपमर्द केला असेच म्हणावे लागेल.

विवाहविधींनी मात्र पाहण्याला फार नेमके स्थान दिले आहे. मराठी लग्नात मंगलाष्टके संपेपर्यंत अंतरपाट धरला जातो. तो दूर झाला की वधूवर एकमेकांना पाहतात. बंगालमधील शुभदृष्टीत वधू डोळ्यांवरची विड्याची पाने दूर करून वराकडे पाहते. या दोन्ही विधींत पाहणारी आणि पाहिली जाणारी माणसे तीच असतात. इतर सारे साक्षी. छायाचित्रात एक तिसरा डोळा मध्यभागी येतो आणि दोघांना परस्परांकडे पाहण्याचा अभिनय करावयास सांगतो. नीट साधले नाही, तर पुन्हा करावयास सांगतो. अभिनय म्हणून हे निषिद्ध नव्हे. विधीतही पुष्कळसे ठरलेलेच असते. परंतु अंतरपाट दोनदा दूर होत नाही. त्या पाहण्याचे गांभीर्य त्याच्या एकदाच घडण्यात आहे. मावळतीच्या उन्हाकडेही हा एकदापणा असतो, आणि या कलेतील सर्वांत सत्य अंश कदाचित तोच असावा. दिवा पुन्हा लावता येतो. आजचे ऊन उद्या मागता येत नाही.

संस्कृत कवींनी संध्याकाळ ही केवळ मीलनाची वेळ मानलेली नाही. कविसंकेतानुसार चक्रवाकाची जोडी याच वेळी विलग होते. मराठी मनही या घटकेला ‘कातरवेळ’ म्हणते आणि तिन्हीसांजेला घरात दिवा लावते. म्हणजे ज्या प्रकाशात विवाहाचे चित्र काढले जाते, तो सुखाचा निर्भेळ प्रकाश नाही. त्यात सरत्या दिवसाची जाणीव मिसळलेली आहे. ही जाणीव चित्रातून पुसून टाकली, तर उरते ती केवळ गोड भुरळ. ती राहू दिली, तर तेच चित्र वचनाच्या जवळ जाते. वचन काही वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाही. म्हणून ते वर्णनाच्या अर्थाने खरे किंवा खोटे नसते. ते पाळले जाते किंवा मोडले जाते. दिवस मावळणार हे ठाऊक असतानाच ते द्यावयाचे असते.

म्हणून अशा चित्राची सत्यता ते काढले त्या संध्याकाळी ठरत नाही. पुढे वीस-तीस वर्षे ते भिंतीवर राहते. कडा पिवळ्या पडतात, आणि त्याखालून वावरणारी माणसे चित्रातल्यासारखी दिसेनाशी होतात. तेव्हा त्या घरात ते चित्र आजच्या चेहऱ्याला उणे लेखण्यासाठी दाखविले जाते, की आजच्या चेहऱ्यावरच्या रेषा न मोजण्याची आठवण म्हणून पाहिले जाते, यावरून त्या प्रकाशाचा न्याय व्हावयाचा असतो. छायाचित्रकाराच्या हाती फक्त ऊन असते. त्याचा अर्थ त्या दोघांच्या वागण्यातून लागतो.